शेंगेन व्हिसाची फाईल: आधी काय करायचं, नंतर काय

युरोपच्या व्हिसाचे बरेचसे घोळ कागद कमी पडल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात. स्वस्तात मिळालं म्हणून आधी परतावा नसलेलं तिकीट घेतलं जातं, मग हॉटेलं, मग ऑफिसातली रजा. व्हिसाची अपॉइंटमेंट सगळ्यात शेवटी. आणि तेव्हा लक्षात येतं की ज्या देशाची तारीख मिळतेय तिथे आपण अर्ज करूच शकत नाही.

हा लेख भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी किंवा मुलाबाळांना भेटायला जाणाऱ्यांसाठी आहे, तेही टूर कंपनीशिवाय स्वतः फाईल करणाऱ्यांसाठी. शिक्षण, नोकरी आणि कायमच्या वास्तव्याचे व्हिसे वेगळे. त्यांचा इथे विचार नाही.

१. पासपोर्ट: दहा मिनिटांचं काम, पण पहिलं

शेंगेन देशांतून (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने पासपोर्ट वैध असावा लागतो. २८ सप्टेंबरला परत येणार असाल तर २८ डिसेंबरपर्यंत तरी मुदत हवी. दोन कोरी पानं हवीत. लहान मुलांचे पासपोर्ट ५ वर्षांचेच असतात आणि घरात तेच आधी संपतात, म्हणून त्यांची तारीख आवर्जून बघा.

जुने पासपोर्ट शोधून ठेवा. त्यातले व्हिसे आणि शिक्के हा तुमच्या बाजूचा पुरावा असतो.

*तपासा:* शिवण उसवलेला, पाण्याने फुगलेला किंवा फोटोचं पान निघालेला पासपोर्ट आधी बदलून घ्या. नंबर बदलला की फॉर्म, विमा, बुकिंग सगळं नव्याने करावं लागतं.

२. देश ठरवा: रात्री मोजून

शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आत आहे. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. ब्रिटन बाहेरच, लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो.

व्हिसा एकच असला तरी अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नाही. सहलीचे सर्वांत जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश, त्या देशाकडे.

नेहमीची सहल घ्या: मुंबईहून पॅरिस, तिथे ३ रात्री; मग इंटरलाकेनला ३ आणि ल्युसर्नला २; शेवटी रोममध्ये ३ रात्री आणि तिथून परत. फ्रान्स ३, स्वित्झर्लंड ५, इटली ३. अर्ज स्वित्झर्लंडकडे. विमान पॅरिसला उतरतं म्हणून फ्रान्सकडे अर्ज करणारे इथेच अडकतात. हीच सहल ४-४-४ अशी केली तर मात्र अर्ज फ्रान्सकडे जातो.

म्हणून तिकिटाच्या आधी एका कागदावर तारीख, शहर आणि मुक्काम असा तक्ता करा. एक ओळ म्हणजे एक रात्र. पुढचे सगळे कागद याच तक्त्याशी जुळायला हवेत.

*सावध:* ज्या देशाची तारीख पटकन मिळते त्याच्या नावावर कागदोपत्री जास्त रात्री दाखवायच्या आणि व्हिसा आल्यावर बुकिंग रद्द करायचं, ही युक्ती एजंट बिनधास्त सुचवतात. सीमेवर हॉटेलचं बुकिंग विचारलं जाऊ शकतं, आणि खोट्या माहितीवर मिळवलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. त्या वेळी एजंट सोबत नसतो.

३. मुक्काम लांबचा असेल तर: ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हे

आठ-दहा दिवसांच्या सहलीला जाणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी मात्र सोडू नये.

नियम असा: कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. १ जुलैला पोचून ३० सप्टेंबरला निघालात तर ९२ दिवस भरतात, म्हणजे मुक्काम दोन दिवस बेकायदा. त्याच हिशोबाने २८ सप्टेंबर हा शेवटचा दिवस. शिवाय १८० दिवसांची चौकट सरकती असते. नवीन वर्ष लागलं म्हणून मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. सगळ्या शेंगेन देशांतले दिवस मिळून ९० धरायचे. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी मोफत गणकयंत्र आहे, ते वापरा.

नातेवाइकांकडे राहणार असाल तर तिकडूनही कागद लागतात आणि त्यांना वेळ लागतो. मुलगा तुमच्या खर्चाची हमी घेणार असेल तर जर्मनीत त्याला परदेशी नागरिक कार्यालयातून ‘फरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणजे हमीपत्र घ्यावं लागतं. कित्येक शहरांत त्यासाठीही आधी वेळ घ्यावी लागते, आणि अर्जासोबत मूळ प्रत हवी असते, म्हणजे कुरियरचे दिवस धरा. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेकडून ‘अतेस्तास्यों दाकय’ घ्यावं लागतं. साधं आमंत्रणाचं ईमेल या कागदांच्या जागी चालत नाही.

४. वेळापत्रक आणि अपॉइंटमेंट

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. शेवटची मर्यादा १५ दिवस आधीची. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस धरलेले असतात, पण जास्तीची चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून मी तरी दोन ते तीन महिने आधीची अपॉइंटमेंट धरायला सांगेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर त्याहून आधी, कारण एप्रिल-मेमध्ये अर्ध्या महाराष्ट्राला एकाच वेळी युरोप आठवतो.

अर्ज वकिलातीत थेट न जाता तिने नेमलेल्या खासगी कंपन्यांच्या केंद्रांमार्फत जातात. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड यांचं काम व्हीएफएसकडे आहे, स्पेनचं बीएलएसकडे. तुमच्या राहत्या पत्त्यानुसार कोणत्या केंद्रात अर्ज द्यायचा ते त्या देशाच्या पानावर बघा. पासपोर्टवर सांगली आणि नोकरी बंगळुरूत, असं असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडा.

कुटुंबातल्या प्रत्येकासाठी वेगळा स्लॉट लागतो, सहा महिन्यांच्या बाळासाठीसुद्धा. चौघांपैकी एकाचा राहून गेला तर केंद्रावर दारातूनच वाद सुरू होतो.

*सावध:* स्लॉट मिळवून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे भेटतात. स्लॉट केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरच सुटतात. कुणीतरी रद्द केलेले स्लॉटही तिथेच परत दिसतात. दिवसातून दोन-तीनदा बघत राहिलं तर बहुतेकदा काम होतं.

*तपासा:* अर्ज दिला की निर्णय होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. त्या काळात दुबई-सिंगापूरची कामं ठेवू नका.

५. फॉर्म: नावांचा गुंता

फॉर्मचे प्रश्न सगळ्या शेंगेन देशांचे जवळपास सारखेच आहेत. भरण्याची पद्धत वेगळी. फ्रान्सचा फॉर्म ‘फ्रान्स-व्हिसाज’वर, जर्मनीचा ‘व्हिडेक्स’वर.

मराठी माणसाची चूक नावात होते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तिकिटावर आणि विम्यावर मात्र फक्त पहिलं नाव आणि आडनाव लिहिलं जातं. पासपोर्टच्या पानावर जे अक्षरशः छापलंय तेच तिन्ही ठिकाणी घाला, मधल्या नावासकट.

‘सरनेम ॲट बर्थ’ म्हणजे माहेरचं आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका इथे पुन्हा सासरचंच लिहून मोकळ्या होतात. पासपोर्ट माहेरच्या नावाने आणि बँक खातं सासरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एका ओळीत तसं सांगा.

‘यापूर्वी शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिलेत का’ या प्रश्नाचं उत्तर जुन्या व्हिसावरून द्या. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. आधी व्हिसा नाकारला गेला असेल तर लपवू नका. नकाराची नोंद सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

६. पैशांचे कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते: सहलीचा खर्च तुम्हाला झेपतो, आणि तुम्ही परत येणार आहात. ‘खात्यात किती लाख हवेत?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याहून महत्त्वाचं आहे ते पैसे खात्यात कसे आले.

रोजच्या खर्चाचे आकडे प्रत्येक देशाने ठरवलेले आहेत. स्वित्झर्लंडसाठी माणशी रोज १०० फ्रँक धरतात; चौघांचे पाच दिवस म्हणजे २००० फ्रँक. फ्रान्समध्ये हॉटेलचं बुकिंग दाखवलं तर माणशी रोज ६५ युरो, नसेल तर १२०. हे किमान झाले. त्यावर तिकीट-हॉटेलचा उरलेला खर्च धरून खात्यात त्याहून सैल रक्कम असावी.

बँक स्टेटमेंट देशाच्या यादीप्रमाणे तीन किंवा सहा महिन्यांचं, बँकेच्या सही-शिक्क्यासह. मोबाईलवरून काढलेल्या प्रतीवर शाखेत जाऊन शिक्का घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून चार लाख घेऊन खात्यात टाकणं ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सहज पकडली जाणारी चूक आहे. खरोखरच एफडी मोडली असेल, फ्लॅटचे पैसे आले असतील, तर त्याचा कागद त्या नोंदीच्या मागेच लावा.

नोकरदारांसाठी: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आयटीआर किंवा फॉर्म १६, आणि कंपनीच्या लेटरहेडवरचं रजा मंजुरीचं पत्र. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, रजेच्या तारखा आणि परत कामावर येण्याचा दिवस हवा. रजेच्या तारखा तक्त्याशी जुळतात ना, ते बघा.

धंदा असेल तर गुमास्ता किंवा शॉप ॲक्ट परवाना, जीएसटी नोंदणी, कंपनीचं आणि स्वतःचं अशी दोन्ही खाती. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होतं ते खातं.

शेतकऱ्यांची पंचाईत वेगळी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आयटीआर नसतो किंवा त्यात फारसं काही दिसत नाही. सातबारा आणि ८अ, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या बिलाच्या पट्ट्या, आणि त्याच रकमा खात्यात जमा झाल्याच्या नोंदी, असं एकत्र लावलं तर चित्र स्पष्ट होतं. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर द्या. नुसता सातबारा लावला तर युरोपातल्या अधिकाऱ्याला त्यातून एक अक्षर समजत नाही. आपल्यालाही सगळं समजतं असं नाही.

खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा. तरीही आईवडिलांचं स्वतःचं खातं जोडाच. एफडी, म्युच्युअल फंड, घराची कागदपत्रं या जोडीच्या गोष्टी. खर्चाला हाताशी असलेल्या पैशाची जागा त्या घेत नाहीत.

*तपासा:* १८ वर्षांखालचं मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला हवा.

७. तिकीट, हॉटेल, विमा

आता कुठे बुकिंगची वेळ आली. व्हिसासाठी जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवायचं असतं. पैसे भरलेलं तिकीट व्हिसाआधी घेऊ नका. रद्द करता येईल असं आरक्षण घ्या. बाजारात ‘डमी तिकीट’ म्हणून जे विकतात त्यातली काही नुसती छापील चित्रं असतात. पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून उघडतोय का ते बघा.

हॉटेलांतही तेच. प्रत्येक रात्रीचं बुकिंग हवं, सगळ्या प्रवाशांच्या नावांसह. रात्रीच्या रेल्वेने जाणार असाल तर ती रात्र रिकामी दिसते, तिथे रेल्वेचं आरक्षण लावा.

विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा, आणि मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत. व्हिसापुरतं हे पुरे. पण साठीपुढच्या माणसाने सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊ नये. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीच्या आजारांचं कलम वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसी तिथेच हात वर करतात.

८. कव्हर लेटर: एक पान

कोण जातंय, कधी, कुठे, खर्च कोणाचा, परत येऊन काय. एवढंच. फाईलमध्ये काही विचित्र दिसत असेल (नावातला फरक, मोठी जमा रक्कम, नुकतीच बदललेली नोकरी) तर त्याचं स्पष्टीकरण इथे द्या. युरोपच्या सौंदर्यावर परिच्छेद नको. इंटरनेटवरचा नमुना जसाच्या तसा उतरवून त्यात दुसऱ्याच देशाचं नाव राहिलेली पत्रंही दिली जातात, म्हणून शेवटी एकदा मोठ्याने वाचा.

९. केंद्रावरचा दिवस

कागद देशाच्या चेकलिस्टच्या क्रमाने लावा, मूळ आणि झेरॉक्स वेगळ्या. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमीचा, सहा महिन्यांच्या आतला. मागच्या व्हिसावर लावलेलाच फोटो पुन्हा चालत नाही. बोटांचे ठसे १२ वर्षांपासून पुढच्यांचे घेतात.

शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. ते रुपयांत भरायचं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. एसएमएस, कुरियर, खास लाउंज हे सगळं ऐच्छिक. लाउंजमधल्या सोफ्याने निर्णयात फरक पडत नाही; निर्णय काउंटरवरचा माणूस घेतच नाही.

*सावध:* एखादा कागद कमी आहे असं काउंटरवर सांगितलं आणि ‘तसाच जमा करतो’ म्हणून सही मागितली तर घाई करू नका. कागद फोनवर असेल तर तिथेच प्रिंट मिळते. महत्त्वाचा असेल आणि नसेलच, तर नवीन तारीख घेणं शहाणपणाचं.

१०. स्टिकर वाचा

पासपोर्ट हातात आल्यावर बहुतेक जण फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि स्टिकर वाचत नाहीत. नाव आणि पासपोर्ट नंबर आधी जुळवा. मग तीन गोष्टी.

‘फ्रॉम’ आणि ‘अंटिल’ ही व्हिसा वापरण्याची खिडकी. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ म्हणजे त्या खिडकीत प्रत्यक्ष राहण्याचे दिवस. ५ मे ते ३१ मे आणि ड्युरेशन १२ असं असेल तर राहायचे १२ दिवसच. तुमची सहल ५ ते १६ मे आहे. पुढचे १५ दिवस विमान पुढे ढकललं तर सोय म्हणून दिलेले असतात, मुक्काम वाढवायला नाहीत.

तिसरी गोष्ट ‘नंबर ऑफ एंट्रीज’. तिथे १ असेल तर पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा ॲमस्टरडॅमला येता येणार नाही. लंडनला गेलात तिथेच तो व्हिसा संपला. अशी सहल असेल तर अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि ब्रिटनचा व्हिसा आधी काढून त्याची प्रत जोडा.

चूक आढळली तर लगेच केंद्राला कळवा. पक्की तिकिटं यानंतर.

११. नकार आला तर

नकाराचा छापील फॉर्म येतो, त्यात कारणापुढे खूण असते. वारंवार दिसणारी कारणं दोन: प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही, किंवा मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल शंका आहे. पहिल्यात बहुधा तक्ता, बुकिंग आणि पत्र एकमेकांशी जुळत नसतं. दुसऱ्यात नोकरी-धंद्याचे कागद कच्चे असतात.

अपिलाचा मार्ग आणि मुदत फॉर्मवरच दिलेली असते, देशागणिक वेगळी. जर्मनीने वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. तिथे आता नवा अर्ज किंवा न्यायालय. पर्यटनासाठी बहुतेकांना नवा अर्जच परवडतो, मात्र तीच फाईल पुन्हा पाठवू नका. दुसऱ्या देशाकडे उडी मारायची असेल तर सहलही खरोखर त्या देशाची असू द्या.

१२. विमानतळ आणि सामान

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नाही. परतीचं तिकीट, हॉटेलं, विमा यांच्या प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेल्या सुटकेसमध्ये ठेवले तर गरजेच्या वेळी मिळत नाहीत.

इमिग्रेशन होतं ते पहिल्या शेंगेन विमानतळावर. मुंबई–फ्रँकफर्ट–झुरिक असं तिकीट असेल तर रांग फ्रँकफर्टला. तिथे मधला वेळ किमान दोन-अडीच तासांचा घ्या, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. मुक्कामाचे दिवस आता यंत्र मोजतं. या नोंदणीला पैसे लागत नाहीत. ‘एटियास’ या ऑनलाइन प्रवास-परवानगीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या जाहिरातींकडेही लक्ष देऊ नका, ती सोय व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे.

आता खाऊ. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. पेढे, खव्याच्या पोळ्या, श्रीखंड आणि मुलीसाठी कढवलेलं साजूक तूप, सगळं यात आलं. ताज्या फळांना आणि पानांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांना. हापूस त्यात नाही, कढीपत्त्याची जुडीही नाही. डब्यात दडवलेली पेटी सापडली तर आंबे कचऱ्यात आणि वर दंड. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तेलातल्या चकल्या बिनधास्त न्या. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते.

परतल्यावर बोर्डिंग पास आणि व्हिसाच्या पानाची प्रत जपून ठेवा. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. मात्र हे पासपोर्टमध्ये तेवढी मुदत शिल्लक असेल तर. ती दोन-तीन वर्षांवर आली असेल तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा, मगच तो अर्ज द्या.